खिडकीच्या काचेवर ब्रश किती दाबायचा?

भांड्याचा डाग निघाला नाही की आपण जोर लावतो, आणि तो निघतोही. हीच सवय लांब पोलच्या ब्रशला, म्हणजे जमिनीवर उभं राहून उंच खिडक्या धुवायच्या, नळीतून पाणी सोडणाऱ्या ब्रशला लागली की काच साफ व्हायच्या ऐवजी पट्ट्यापट्ट्यांची होते. पोलवर नव्या माणसाला तयार करताना सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर जातो: हाताचा जोर कमी करायला शिकवणं.

कारण साधं आहे. नायलॉनच्या केसाचं फक्त टोक घासतं. ब्रश जास्त दाबला की केस वाकून आडवा होतो. टोक काचेपासून उचललं जातं आणि केसाची गुळगुळीत बाजू मळावरून नुसती घसरत जाते. त्यात ओढ वाढते, पोल थरथरतो, हात आखडतो आणि फटकारे आपोआप तोकडे पडतात. माणूस घामाघूम होतो, पण काचेवरचा थर जागचा हलत नाही.

योग्य दाब ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. तळमजल्याच्या खिडकीवर ब्रश टेकवा आणि एकाला आत उभं करून काचेतून बघायला सांगा. आतून केसांचे ठिपके दिसले तर दाब बरोबर. ठिपक्यांच्या जागी बारीक रेघा दिसायला लागल्या की केस आडवे झाले, दाब जास्त. केस ५ सेंटीमीटर लांब असतील तर ते टेकल्यानंतर ब्रशची पाठ काचेकडे ४-५ मिलिमीटरच सरकायला हवी. नव्या माणसाकडून दहा-पंधरा मिनिटं हेच करून घ्यावं. डोळ्यांनी पाहिलेला दाब हाताच्या लक्षात राहतो.

वरच्या मजल्यावर हे का बिघडतं? पोल जितका उभा, तितका तुमचा जोर काचेवर कमी आणि काचेला समांतर जास्त जातो. ब्रश टेकत नाहीये असं वाटतं, म्हणून माणूस खालून आणखी रेटतो. मग पोल मधोमध धनुष्यासारखा वाकतो आणि ब्रशची फक्त वरची किंवा खालची कड काचेला लागते. उपाय जोरात नाही, उभं राहण्याच्या जागेत आणि कोनात आहे. सहा मीटर उंचीच्या खिडकीसाठी भिंतीपासून दोन ते अडीच मीटर लांब उभं राहावं. पोलच्या टोकाचा वाकडा जोड असा फिरवावा की ब्रशचे सगळे केस एकाच वेळी काचेला टेकतील. मजला बदलला की कोनही बदलायचा. आळस नेमका इथेच होतो. एक हात कमरेजवळ आणि दुसरा छातीच्या उंचीवर ठेवावा. खालचा हात ढकलतो, वरचा दिशा देतो.

पाण्याचा दाब ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत फार होते. पंपाचा दाब पाणी वर चढवण्यासाठी असतो, मळ उडवण्यासाठी नव्हे. दर १० मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय (हे दाबाचं माप) खर्च होतो, वर नळीतलं घर्षण आलंच. १२ व्होल्टचा १०० पीएसआयचा साधा पंप तीन-चार मजल्यांना पुरून उरतो. महत्त्वाचा आहे तो ब्रशपाशी मिळणारा प्रवाह: मिनिटाला दीड ते दोन लिटर. त्याहून कमी झाला की केस कोरडे पडून ओढायला लागतात आणि माणूस पुन्हा दाब वाढवतो. त्याहून फार जास्त ठेवला तर पाणी रबराच्या फटीतून आत शिरतं आणि खोलीतल्या पडद्यांवर ओघळ येतात. गाड्या धुवायच्या प्रेशर मशिनचा फवारा खिडकीवर मारू नये, तोही याच कारणासाठी.

आता फटकाऱ्यांचा क्रम. सुरुवात काचेवरून नाही, वरच्या चौकटीवरून करायची. जाळी-कोळिष्टकं कोरडीच काढावीत, ओली झाली की ती केसांना गुंडाळतात. मग वरची आडवी चौकट पाणी सोडून घासायची आणि तिथेच थांबून धुऊन काढायची. ती अर्धवट राहिली तर काच कितीही नीट धुवा, पाच मिनिटांनी वरून घाणेरडा थेंब ओघळणारच. त्यानंतर बाजूच्या चौकटी, आणि मग काच.

काचेवर उभे, लांब फटकारे मारावेत. ३५ सेंटीमीटरच्या ब्रशला प्रत्येक फटकारा आधीच्यावर ८-१० सेंटीमीटर चढला पाहिजे, कारण ब्रशच्या कडेचे केस लवकर झिजतात आणि दोन फटकाऱ्यांमधली पट्टी तशीच राहते. कोपऱ्यांत आडवे, छोटे फटकारे. जोर नको; चिकट जागी फटकारे वाढवावेत. साधारण १.२ बाय १.५ मीटरच्या तावदानाला घासायला अर्धा मिनिट आणि धुवायला तेवढाच वेळ पुरतो.

धुताना आधी काचेचा स्वभाव बघावा. काही काचा पाणी धरतात, त्यांच्यावरून पाण्याची चादर सरसर उतरते. अशा काचेवर ब्रश हलकेच टेकवून वरून खाली आणला तरी चालतं. काही काचा पाणी टाकतात, थेंब थेंब होऊन अडकून बसतात. तिथे ब्रश दोन-तीन सेंटीमीटर मागे घेऊन, वरच्या कडेपासून सावकाश, डावीकडून उजवीकडे पाणी उतरवत यायचं. इथे घाई केली की अडकलेल्या प्रत्येक थेंबात थोडा मळ राहतो आणि तो वाळून ठिपका होतो.

हे सगळं पाणी शुद्ध असेल तरच, कारण पोलनं धुतलेली काच पुसायची नसते, तशीच वाळू द्यायची असते. इंदूरमध्ये बहुतेक संकुलांत बोअर आहे आणि बोअरचं पाणी जड. नदीकाठच्या जलूद गावाहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी तुलनेनं सौम्य असतं, पण तेही थेट काचेवर वाळू देण्याइतकं क्षारमुक्त नाही. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६०० असलेल्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असतात, आणि पाणी उडून गेलं की ते काचेवरच राहतात. आरओ यातले ९५ टक्के काढतो, उरलेले रेझिनच्या, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, नळकांड्यानं काढायचे. टीडीएस मीटर शून्य दाखवत असताना निर्धास्त काम करावं; ५ च्या वर सरकलं की नवं रेझिन जवळ ठेवावं, १० च्या वर काम थांबवावं. रेझिन संपत आलेलं असताना कसंबसं दिवस ढकलणं म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच इमारत फुकट धुणं.

कोरड्या धुळीबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत माळव्यात वारा सुटतो आणि काचेवर मातीचा थर बसतो. जवळ बांधकाम असेल तर त्यात वाळूचे कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. नायलॉननं काचेला ओरखडा येत नाही. ब्रशखाली दाबलेल्या वाळूनं येतो. म्हणून आधी ब्रश न टेकवता नुसतं पाणी वरून खाली सोडायचं, कण वाहू द्यायचे, आणि मगच टेकवायचं. दाब कमी ठेवण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, कारण पट्टी पुन्हा धुता येते, ओरखडा परत जात नाही.

इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते त्या राजवाड्याच्या परिसरात कमी दाबाचा नियम आणखी कडक पाळावा, पण पाण्याचा क्रम उलटा ठेवावा. गुलालावर आधी पाणी मारलं की रंग सुटून रबरात आणि सिलिकॉनमध्ये मुरतो, तिथून तो पुरता निघत नाही. आधी मऊ, कोरड्या ब्रशनं अजिबात दाब न देता चौकटीवरची पूड खाली पाडावी, मग भरपूर पाणी. त्याच भागातल्या जुन्या, लाकडी आणि पुटीनं (काच बसवायच्या लगद्यानं) काचा बसवलेल्या खिडक्यांना पोल लावूच नये. वाळलेली पुटी पाणी पिते आणि सुटते. तिथे हातानं, ओल्या फडक्यानं.

कबुतरांची शीट भिजवून पुढच्या खिडकीवर जावं आणि दोन-तीन मिनिटांनी परत यावं. सिमेंटचे शिंतोडे आणि वरच्या टाकीच्या गळतीचे पांढरे क्षार ब्रशनं जातच नाहीत. त्यांना वेगळं औषध लागतं, आणि ते गिऱ्हाइकाला कामाआधीच सांगावं.

ऊन तापलं असताना पश्चिमेच्या काचा घेऊ नयेत. त्या सकाळी करायच्या, पूर्वेच्या दुपारनंतर. आणि पोल वर करण्याआधी एकदा मान वर करून विजेच्या तारा बघायच्या. कार्बन फायबरच्या पोलमधून वीज जाते आणि ओला पोल कुठलाही असो, धोक्याचाच. तारा जवळून जात असतील तर ती बाजू सोडून द्यावी, मग गिऱ्हाईक काहीही म्हणो.

काच वाळल्यावर तिरप्या उजेडात बघितलं की चूक कुठे झाली ते कळतं. सगळीकडे सारखे पांढरे ठिपके असतील तर पाणी खराब, मीटर तपासा. वरच्या कडेपासून एक-दोन ओघळ आले असतील तर चौकट नीट धुतली नव्हती. उभ्या धुरकट पट्ट्या ठरावीक अंतरावर दिसल्या तर फटकारे एकमेकांवर चढले नाहीत, किंवा ब्रशचे कडेचे केस बाहेर वळलेत. मधोमध पुसट आणि कडेला साफ असं दिसलं तर पोल वाकवून रेटला होता. वळलेल्या केसांचा ब्रश बदलून टाकावा आणि नवा ब्रश गाडीत केसांवर उभा न ठेवता टांगून ठेवावा, नाहीतर आठवड्याभरात त्याचीही तीच गत होते.