आधी वारा, मग टँकर

आज वास्कोत अमोनिया गळतीचा सराव झाला. चूक तीच, नेहमीची: बंब थेट टँकरपाशी नेऊन उभा.

आधी वारा बघा. माडाच्या झावळ्या खोटं बोलत नाहीत. किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री बऱ्याचदा उलटतो. म्हणजे सुरक्षित जागाही बदलते. वारा पाठीशी घेऊन, जमल्यास चढावर, निदान 100 मीटर लांब थांबा आणि दुर्बिणीतून टँकरच्या पाटीवरचा यूएन क्रमांक (आत कोणतं रसायन आहे ते सांगणारा चार अंकी आकडा) वाचा. 1005 निर्जल अमोनिया, 1017 क्लोरीन, 1075 एलपीजी, 1203 पेट्रोल. आकडा लगेच नियंत्रण कक्षाला कळवा.

अमोनिया हवेपेक्षा हलका, हे खरंच. पण उणे 33 अंशांना उकळणारा हा द्रव बाहेर पडला की थंड पांढरा ढग जमिनीलगत सरपटतो, सखल भागात साचतो. बारीक फवारा त्या ढगावर मारा, साचलेल्या द्रवावर अजिबात नको: पाण्याच्या उबेने वायू आणखी उसळतो. वाहून जाणारं पाणी माशांना मारक असतं, नाल्याच्या तोंडाशी मातीचा बांध हवाच.

आगीचा सूट वायू अडवत नाही. अमोनिया घामात विरघळतो, पहिला चटका काखेत आणि जांघेत. (मे महिन्यात गोव्यात घाम न आलेला जवान दाखवा!) श्वसनसंच आणि वायुरोधक रसायन सूट नसेल तर आत जायचं नाही. बाधिताचे कपडे उतरवून डोळे, त्वचा निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा.