गाऱ्हाणे घालावे तसे

“साईट चलना.”

वेबसाइटविषयी येणारी पूर्ण तक्रार एवढीच असते. कोकणीत ‘चलना’ म्हणजे चालत नाही. वाचणारा हिंदी मुलखातला असला तर त्याला वाटते, साईटला कुठेतरी जायचे आहे. तो विनोद सोडून देऊ. अर्थ कळला तरी हाती काय लागते? पांढरे पान आले, की चकरी फिरत राहिली? ओटीपी आलाच नाही, की आला तो चुकीचा ठरला? अक्षरांच्या जागी चौकोन दिसले? की सगळे नीट उघडले आणि फक्त बटणाचा नवा रंग आवडला नाही? या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द, चलना.

हाच माणूस देवळात उभा राहिला की किती नेमका होतो! मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, आणि गोव्यात, विशेषतः पेडणे-सत्तरीकडच्या देवळांत, गाऱ्हाणे ‘घालतात’. घालणारा आल्या आल्या ‘माझे बरे कर’ म्हणत नाही. आधी ग्रामदेवता, मग राखणदार, मग सीमेवरचे, एकेकाचे नाव घेऊन. मग कोण आला आहे, कुठल्या वाड्यावरचा, कुणाचा कोण. मग अडचण, ती कधीपासून आहे यासकट. आणि शेवटी नेमके मागणे. मागची मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात ती कलमाकलमाला. सॉफ्टवेअरमधला दोष कसा कळवावा याचा याहून चांगला नमुना कुठल्या कंपनीने छापल्याचे दिसत नाही. देवाला सगळे ठाऊक असते, तरी त्याला पत्ता सांगतात. प्रोग्रामरला तर काहीच ठाऊक नसते.

पत्ता म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली पूर्ण ओळ, कॉपी करून. ‘फोटोंच्या पानावर’ हा पत्ता नव्हे. फोन कुठला, अँड्रॉईडची किंवा आयओएसची आवृत्ती कुठली, ब्राउझर कुठला, लॉगिन केले होते की नाही, वायफाय होते की मोबाईल डेटा. शेवटचे कलम गोव्यात उगाच विचारत नाहीत. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत, मांडवीच्या मध्यावर, कुणी ‘पाठवा’ दाबले आणि नेमकी रेंज गेली, तर मजकूर सर्व्हरला, म्हणजे साईट चालवणाऱ्या संगणकाला, पोचलेला असतो, पण ‘पोचला’ हा निरोप परत येत नाही. माणूस पुन्हा दाबतो. एकच मजकूर दोनदा छापला जातो आणि तक्रार येते, ‘साईट डबल करते’. करते खरी, पण नदीत. दुरुस्ती अशी, की मजकूर लिहायला घेतानाच त्याला एक क्रमांक चिकटवायचा आणि त्याच क्रमांकाचे दुसरे टपाल सर्व्हरने मुकाट्याने टाकून द्यायचे. पण हे सुचायला आधी फेरीबोट कळायला हवी.

पाहिलेले आणि ताडलेले यांची गल्लत ही जुनी खोड. सकाळी घरात कुणी म्हणते, ‘आज पोदेर आलाच नाही.’ पोदेर म्हणजे भोंपू वाजवत येणारा पाववाला. हे पाहिले कुणी? भोंपू ऐकू आला नाही, एवढेच खरे. मिक्सर चालू असेल, भोंपू बिघडला असेल, पोदेर आज वरच्या वाटेने गेला असेल. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य याच जातीचे. त्यापेक्षा असे लिहावे: फोटो जोडून ‘पाठवा’ दाबले, निळी पट्टी ९० टक्क्यांवर थांबली, दोन मिनिटांनी ‘काहीतरी चुकले’ अशी ओळ आली, मला वाटले होते फोटो यादीत दिसेल. हे शेवटचे ‘वाटले होते’ गाळू नये. पुष्कळदा दोष नसतोच. फोटो आधी संपादकाने पाहावा आणि मगच दिसावा असा नियम असतो, फक्त तो कुणी सांगितलेला नसतो. मग दुरुस्त करायचे ते बटण नव्हे, बटणाशेजारचे वाक्य.

कारण शोधताना कौलाची रीत कामी येते. मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणून प्रश्नही तसाच लागतो. ‘घर विकू, दुरुस्त करू, की भावाला देऊ’ असा कौल लागत नाही. साईटलाही एका वेळी एकच प्रश्न विचारावा. आधी तेच पान इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी, विंडोत उघडावे. तिथे जुन्या कुकी, म्हणजे साईटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, नसतात, आणि क्रोममध्ये आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, तेही बंद असतात. तिथे चालले, तर संशय ब्राउझरच्या साठवणीवर किंवा जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनवर. तिथेही अडले, तर दुसरा ब्राउझर, मग दुसरा फोन, मग वायफाय बंद करून डेटा. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि पान उघडले, तर ते कशामुळे उघडले हे कायमचे हुकते. दोष कधी होतो, कधी होत नाही असे असेल तर मोजून सांगावे: पाचदा केले, दोनदा अडले. आणि तक्रार लिहिण्याआधीच ‘कॅश क्लिअर’ करणे, ब्राउझरने साठवलेले सगळे पुसणे, म्हणजे पंचनाम्याआधी फरशी धुणे.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या जुन्या संगणकात, एफ पॅनेलच्या ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, एक पतंग (किडा) सापडला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि यंत्रातल्या दोषाला ‘बग’ हा शब्द त्यातूनच आला असेही सांगतात. तो शब्द त्याआधीचाच. बघण्यासारखी आहे ती नोंद. पतंग झटकून न टाकता वहीत चिकटवलेला, आणि शेजारी वेळ, १५४५.

आज पतंगाच्या जागी स्क्रीनशॉट. तो पूर्ण असावा, वरच्या घड्याळासकट आणि पत्त्याच्या पट्टीसकट. फोन नंबर, ईमेल, ओटीपी मात्र झाकून. संगणकाच्या पडद्याचा मोबाईलने काढलेला फोटो, ज्यात पंखा आणि काढणाऱ्याचे कपाळ दिसते, तो शक्यतो नको. पण मराठीच्या बाबतीत चांगला स्क्रीनशॉटही फसवतो, आणि कसा ते कळायला ‘गाऱ्हाणे’ हाच शब्द पुरे. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, तीन प्रकारे लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त, हा एक. साधा र, नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि हलन्त, हा दुसरा. साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक, हा तिसरा. पहिल्या प्रकारात अख्खा शब्द आठ घटकांचा (काना, मात्रा, हलन्त धरून), बाकी दोन्हींत नऊ. नीट फॉन्ट असेल तर पडद्यावर तिन्ही सारखे, शोधयंत्राला मात्र ते तीन निराळे शब्द. युनिकोडचे ठरलेले प्रमाणीकरण केले की दुसरा पहिल्यात विरघळतो. तिसरा हटून बसतो, त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

वर मजकूर ‘साफ’ करणारे काही प्रोग्राम न दिसणारी चिन्हे कचरा समजून झाडून टाकतात. तिसऱ्या प्रकारातला जोडक असा गेला की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. गोव्याच्या पूर्वेला दऱ्या आणि पश्चिमेला दर्या, मध्ये फार तर साठ-पासष्ट किलोमीटर. तरी एवढे जवळ आणायचे कारण नव्हते. म्हणून शब्द सापडत नसेल तर तो कॉपी करून चिकटवावा, चित्रातून कुठला ऱ ते कळत नाही. उलट अक्षर मोडके दिसत असेल, वेलांटीपाशी ठिपक्यांचे वर्तुळ येत असेल, तर चित्रही हवे आणि शब्दही, कारण दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या फॉन्टमध्ये तोच शब्द ठणठणीत दिसू शकतो.

‘मजकूर अर्धाच जातो’ ही तक्रारही बहुधा लिपीचीच. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा एकेक घटक तीन बाइट (साठवणीचे माप) खातो, रोमन अक्षर एक. शीर्षकाला २५५ बाइटांची मर्यादा असेल तर इंग्रजीला २५५ अक्षरे मिळतात, मराठीला ८५ घटक, आणि त्यात काना-मात्राही मोजायच्या. शब्दांमधली मोकळी जागा एका बाइटची. त्यामुळे तिनाचा हिशेब मोडतो, शेवटचे अक्षर मधोमध कापले जाते आणि पत्त्यांतल्या चौकटसारख्या काळ्या आकृतीत प्रश्नचिन्ह उरते. बहुतेक इमोजींना चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारात तीनच बसत. त्यामुळे चवथीच्या शुभेच्छांत मध्येच एक फटाका घातला की त्यापुढचा मजकूर गायब व्हायचा. चार बाइटांचा प्रकार २०१० मध्ये आला. जुने तक्ते कुणी बदललेच नसतील तिथे तो फटाका आजही अडकतो. ‘मजकूर कुठल्या अक्षरानंतर तुटला’ एवढे सांगितले तर जाणकार दोन मिनिटांत ओळखतो.

वेळ सांगताना ती कुठली, हेही सांगावे. सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री ९.१० चा घोळ तिथे १५.४० ला शोधायचा. कुवेतमधल्या गोंयकाराचे रात्रीचे आठ म्हणजे इथले साडेदहा, दुबईतल्याचे साडेनऊ. लिस्बनच्याचे हिवाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा. हाच फरक हिशेबात धरायचा राहिला की मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात टाकलेल्या मजकुरावर आदल्या दिवसाची तारीख पडते. जत्रेतले नाटक संपल्यावर फोटो टाकणाऱ्यांना हा दोष सर्वांत आधी दिसतो. दिवसा तपासणाऱ्याला तो कधीच दिसत नाही, आणि तो लिहून टाकतो, ‘आमच्याकडे चालते.’

‘आमच्याकडे चालते’ आणि ‘चलना’ ही एकाच माळेची दोन टोके. तक्रार घेणाऱ्याने निदान काय करून पाहिले ते सांगावे: अमक्या फोनवर, अमक्या वेळी, डिचोली हे गावाचे नाव टाकून शोधले. मग तक्रार करणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते की आपण डिचोली टाकलेच नव्हते, रोमन लिपीतले पोर्तुगीज वळणाचे बिचोलिम टाकले होते. साखळी, केपे, चोडण, सगळ्या गावांची हीच रड. आडनावांचेही तेच: तोच सारस्वत एका कागदावर प्रभू, दुसऱ्यावर पोरोबो.

एका तक्रारीत एकच दोष लिहावा, कारण तिघांतला एक दुरुस्त झाला की तक्रार बंद करायची की उघडी ठेवायची, हे कुणालाच कळत नाही. दुसऱ्याची खासगी माहिती दिसते आहे असा दोष असेल तर तो चारचौघांत न लिहिता चालकांना थेट कळवावा. आणि लिहिण्याआधी जुन्या तक्रारींत शोधावे. आधीच कुणी लिहिले असेल तर नुसते ‘मलाही’ नको, ‘मलाही, पण आयफोनवर’ हवे.

तसे शोधायला जावे, ‘गाऱ्हाणे शब्द सापडत नाही’ असे टाकावे. उत्तर येते, अशी तक्रार नोंदलेली नाही. ती नोंदलेली असते, फक्त आधीच्याने दुसरा ऱ वापरलेला असतो. मग तीच तक्रार नव्या क्रमांकाने पुन्हा दाखल होते.