तिबिलिसीत कोण कोणाच्या बाजूला?

जॉर्जियाला गेलात आणि संध्याकाळी राजधानी तिबिलिसीत रुस्तावेली अव्हेन्यूवर चक्कर मारलीत की संसदेसमोर झेंडे घेतलेली माणसं दिसतातच. 28 नोव्हेंबर 2024 ला पंतप्रधान कोबाखिद्झेंनी जाहीर केलं की युरोपियन युनियनमधे जायची बोलणी 2028 संपेपर्यंत घ्यायचीच नाहीत, तेव्हापासून हे रोजचं आहे. मी होमस्टेच्या मालकाला सहज विचारलं, विरोधी पक्षात कोण कोण आहे हो? तर म्हणे, जे कालपरवा सरकारात होते ते.

आणि खरंच की! 2012 मधे अब्जाधीश इवानिश्विलींनी सहा पक्षांची मोट बांधली, नाव जॉर्जियन ड्रीम (आजही सत्तेत तेच), आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साकाश्विली ह्यांच्या पक्षाला पाडलं. मग अलासानियांचे फ्री डेमोक्रॅट्स 2014 ला बाहेर, रिपब्लिकनवाले 2016 ला वेगळे लढले, पण ड्रीमला काडीचा फरक नाही, 150 पैकी 115 जागा! सलोमे झुराबिश्विली 2018 मधे ड्रीमच्याच पाठिंब्यावर राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि 2024 संपता संपता ह्यांच्याच विरोधातल्या आंदोलनाचा चेहरा. गाखारियांचं तर विचारूच नका, 2019 च्या जूनमधे ह्याच संसदेसमोर रबरी गोळ्या चालल्या तेव्हा गृहमंत्री तेच, नंतर पंतप्रधान, आता स्वतःचा पक्ष काढून विरोधात. बरं साकाश्विली तरी कुठून आले, आधीचे राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झेंचे न्यायमंत्री होते, 2003 च्या गुलाब क्रांतीत त्यांनाच घालवलं. त्यामुळे इथे डावा की उजवा असलं विचारण्यात अर्थ नाही, कोणाचं कोणाशी कधी फाटलं ते विचारायचं.

नरिकाला किल्ल्याच्या रोपवेतून टेकडीवर इवानिश्विलींचा काचेचा महाल दिसतो. फोटो काढाच. पंतप्रधान ते जेमतेम वर्षभर होते, पण सूत्रं तिथूनच हलतात असं जो भेटेल तो सांगतो. राष्ट्राध्यक्ष कावेलाश्विली मँचेस्टर सिटीकडून खेळलेले, तिबिलिसीचे महापौर कालाद्झे एसी मिलानचे डिफेंडर, म्हणजे फुटबॉल बघणाऱ्याला निम्मं राजकारण आधीच पाठ!

ऑक्टोबर 2025 च्या स्थानिक निवडणुकीत विरोधकांचं परत फाटलं. साकाश्विलींच्या पक्षाने बहिष्कार टाकला, लेलो नावाचा दुसरा विरोधी पक्ष आणि गाखारिया लढले, ड्रीमने सगळं झाडून नेलं. मालकाच्या घरात बायको बहिष्कारवाली आणि मुलगा लेलोला मत देऊन आलेला. दोघं अजून एकमेकांशी नीट बोलत नव्हते, नाश्त्याच्या टेबलावर मीठ सुद्धा मालकामार्फत मागत होते.