अण्णा आणि वीस क्युसेकचा कालवा

सुट्टीसाठी भाड्याची बोट ताब्यात घेऊन इंग्लंडातल्या व्हिटचर्चजवळ पहिला मुक्काम केला, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे सासरे, काठावर उकिडवे बसून पाण्यात काड्या टाकत होते. "हे पाणी वाहतंय," ते म्हणाले. नवरा म्हणाला, इंग्लंडातले कालवे वाहत नसतात, लॉकच्या, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या हौदांच्या, दारांमध्ये पाणी अडवून ठेवलेलं असतं. अण्णांनी आणखी एक काडी टाकली. तीही पहिलीच्या मागोमाग पूर्वेला निघाली.

अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. प्रवरेच्या डाव्या कालव्यावर त्यांची निम्मी नोकरी गेली. त्यांचंच बरोबर होतं. इथले बहुतेक कालवे जवळजवळ स्थिर असतात, पण लँगोलेनचा कालवा वाहतो. वेल्समध्ये डी नदीचं पाणी त्यात घेतात आणि ते चेशरमधल्या हर्लस्टनच्या जलाशयात पोचवतात, पिण्यासाठी. 1944 मध्ये हा कालवा बोटींसाठी कायद्याने बंदही झाला होता. पाणी न्यायचं होतं म्हणून तो बुजवला नाही, आणि म्हणून आज आमच्यासारखे लोक त्यावर सुट्टी घालवतात.

बोटीबद्दल थोडक्यात सांगते. नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद असते, कारण जुने लॉकच तेवढे रुंद. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. आमची त्याहून लहान होती, दारांवर पारंपरिक पद्धतीचे गुलाब आणि किल्ले रंगवलेले. चालवायला परवाना लागत नाही. ताशी चार मैलांच्या वर जायचं नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. बोट देणाऱ्यांनी हे सगळं इतक्या घाईत उरकलं की मला आजही राग येतो. आयुष्यात पहिल्यांदा बोट हातात घेणाऱ्यांना निदान एक लॉक तरी सोबत येऊन पार करून द्यायला हवं. आत स्वयंपाकघर नीटनेटकं होतं, शेगडी चांगली होती, पण मधल्या बोळातून दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. सकाळी चहा करणारा एकटाच उठला तर सगळ्यांचं बरं.

पहिले दिवस शेतं, गायी आणि पाऊस यांत गेले. न्यू मार्टनचे दोन लॉक चढलो. चर्कचा जलसेतू, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा पूल, ओलांडताना इंग्लंड संपून वेल्स लागतं.

पॉन्टकसल्टेच्या जलसेतूची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. टेलफर्ड आणि जेसप यांनी तो 1805 मध्ये पुरा केला. अठरा दगडी खांब, त्यांवर बिडाची पन्हाळ, आणि खाली 38 मीटरवर डी नदी. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पन्हाळीची कड पाण्याच्या जरा वर येते आणि तिथेच संपते. पुढे हवा. मी पूर्ण वेळ केबिनमध्ये बसून त्या बाजूच्या खिडकीतून दरी पाहिली आणि मला ते फार आवडलं. पायवाटेवरची गर्दी मात्र नको वाटली. ऑगस्टमध्ये जाऊ नका.

खरा प्रवास त्यानंतरचा. जलसेतू संपला की लगेच डावीकडे वळावं लागतं, आणि तिथून लँगोलेनपर्यंत कालवा एकदम अरुंद होतो. हा भाग मुळात पाणी आणण्यासाठीच खणलेला आहे. पुलाखाली तर बोटीच्या बाजूने पाण्याला जायला जागाच उरत नाही. इंजिनाचा जोर वाढवला की बोटीचं बूड खाली बसतं आणि बोट आणखी रेंगाळते. काही ठिकाणी समोरून बोट आली तर दोघींना एकमेकींच्या शेजारून जायला वाव नाही. म्हणून कुणीतरी काठाने पुढे चालत जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघायचं असतं.

"मी जातो," अण्णा म्हणाले आणि उतरले.

मँचेस्टरला आल्यापासून अण्णा आमच्या घरात पाहुण्यासारखे वावरत होते. हीटर लावू का, हा कप घेऊ का, सगळं विचारून. त्या काठावर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. हात पाठीमागे बांधून, एक डोळा पाण्यावर आणि एक भरावावर ठेवून ते शंभरेक पावलं पुढे चालले. वळणापलीकडे बोट दिसली तेव्हा त्यांनी तळहात उंच धरला आणि म्हणाले, "वेट, प्लीज." सुकाणूवरच्या बाईंनी बोट रुंद जागी काठाला लावली. मग अण्णा वळले आणि आम्हाला हाताने बोलावलं. आम्ही गेलो. शेजारून जाताना त्या बाईंनी अण्णांकडे पाहून अंगठा दाखवला. मला भरून आलं.

लँगोलेनला बोट ठेवून आम्ही चालत हॉर्सशू फॉल्सला गेलो, कारण पुढे इंजिनाच्या बोटींना बंदी आहे. 1808 सालचा हा टेलफर्डचाच बंधारा, घोड्याच्या नालेसारखा वाकलेला. शेजारच्या मीटर हाऊसमधून कालव्यात किती पाणी जातं ते मोजलं जातं. रोज पाच कोटी लिटरच्या आसपास, मी वाचून सांगितलं. अण्णांनी क्षणभर हिशेब केला. "म्हणजे सेकंदाला वीसेक घनफूट, वीस क्युसेक. आपल्याकडच्या एका चारीएवढं. आणि एवढ्यावर बोटी चालवतात!" मग ते बराच वेळ कालव्याच्या तोंडापाशी उभे होते.

तिथेच मी त्यांना 1945 ची गोष्ट सांगितली. लँगोलेनच्या अलीकडे रात्रीतून कालव्याचा काठ फुटला, पाण्याने खालचा रेल्वेचा भराव वाहून नेला आणि पहाटेची टपालगाडी त्यात कोसळली. चालक गेला. अण्णा काही बोलले नाहीत.

परतीला पाणी आपल्या बाजूने असतं, त्यामुळे बोट भराभर निघाली. पण अण्णा बोटीत बसेनात. भराव आला की उतरायचे आणि काठावरून बाहेरचा उतार बघत चालायचे. चर्क मागे पडल्यावर एका ठिकाणी थांबून त्यांनी बोट काठाला घ्यायला लावली. उताराच्या मध्यावर गवताचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा हिरवागार होता. ते खाली उतरले, टाच दाबून पाहिली, आणि बुटाभोवती पाणी वर आलं. "पावसाची ओल अशी एकाच जागी राहत नाही," ते म्हणाले. "फोन कर."

कालव्याची देखभाल करणाऱ्या ट्रस्टला नवऱ्याने फोन लावला. इथे प्रत्येक पुलाला नंबर असतो, तो सांगितला. पलीकडून सगळं लिहून घेतलं आणि माणूस पाठवतो म्हणाले. फोन ठेवल्यावर अण्णांनी त्याला दोनदा विचारलं, "बाहेरच्या उताराला, मध्यावर, असंच सांगितलंस ना?"