लाल वर्तुळ

चवथ, म्हणजे आमची गोव्यातली गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली होती. वसतिगृह रिकामं झालेलं, विभागात मी आणि माझी एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी एवढीच. दुपारी ती ओली छत्री घेऊनच आत आली आणि माझ्यासमोर कागद ठेवला. हिस्टोग्रामवर, म्हणजे मोजणीच्या स्तंभालेखावर, ७२ एमईव्हीपाशी (एमईव्ही हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) लाल वर्तुळ.

"सर, तीन सिग्मा!" म्हणजे नुसत्या योगायोगाने सहसा न येणारा फुगवटा.

शोध होता डार्क फोटॉनचा, डार्क मॅटरशी नातं असू शकेल अशा, अजून न सापडलेल्या कणाचा. इलेक्ट्रॉनचा झोत टंगस्टनच्या पत्र्यावर सोडला, की अणुकेंद्राजवळून जाताना इलेक्ट्रॉन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, फेकतात. डार्क फोटॉन असलाच, तर क्वचित तोही असाच बाहेर पडेल आणि त्याची इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) अशी जोडी होईल. त्या जोडीचं वस्तुमान मोजायचं. नेहमीच्या जोड्या सगळीकडे पसरतात, याच्या एकाच जागी साचतील. जर्मनीत माइन्झला आणि अमेरिकेत जेफरसन लॅबमध्ये हेच शोधलं गेलं. जेफरसन लॅबमधल्या एका प्रयोगातला पत्रा तर अवघा ४ मायक्रॉन जाडीचा! डार्क फोटॉन मिळाला नाही. तो कुठे नाही, याच्या मर्यादा मिळाल्या. आपल्याकडे याला कुणी निकाल मानत नाही, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न "काय सापडलं?" हाच. मला याचा राग येतो.

आमच्याकडे झोत कुठला, सिम्युलेशनवरच काम. तिची फाईल मी बनवलेली. तिच्यात डार्क फोटॉन मी घातलाच नव्हता, आणि हे तिला सांगितलं नव्हतं. आधी कळलं तर नजर त्याच बाजूने बघते.

त्या दिवशी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फाईल तुमची नसती, तर तुम्हाला कसं कळलं असतं?"

माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. तीन सिग्मा एका ठरलेल्या जागी योगायोगाने येण्याची शक्यता साधारण ७४० मध्ये एक. पण तिने अशा साठेक जागा तपासल्या होत्या, म्हणजे शंभरात आठ. हे फळ्यावर मांडलं. "करून बघूया?" ती म्हणाली. डार्क फोटॉन नसलेल्या १००० नकली फाईली आम्ही चालवल्या. मध्ये एकदा वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. कुठे ना कुठे तीन सिग्माचा फुगवटा आला ८३ फाईलींत.

साखळी गावाला जाणारी तिची शेवटची बस चुकली असती. घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास, बांधायची राहिली होती. तिने वर्तुळ खोडलं नाही. त्याखाली पेनाने '८३/१०००' लिहिलं, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पावसात धावत सुटली.