सुंभ जळला, पीळ उरला

सोमवार, रात्री उशिरा

टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन फाशांनी खेळायचा एक रोल-प्लेइंग खेळ मी बनवतोय. त्यातला डॅमेजचा, म्हणजे कुठल्या हल्ल्यानं किती इजा होते त्याचा, तक्ता आज काढून टाकला. दोन पानं भरून होता. तेजाचे नऊ हल्ले, पाण्याचे सात, वाऱ्याचे सहा, आणि प्रत्येकापुढे किती फासे टाकायचे ते. किती रात्री त्याच्यावर घालवल्या ते मोजत नाही, मोजलं तर परत चिकटवीन.

झालं असं की काल पहिली प्लेटेस्ट, म्हणजे मित्रांबरोबर खेळून बघायची चाचणी, होती. खेळाची पार्श्वभूमी सगळ्यांना सांगून झाली: युद्ध संपून सहा वर्षं झालीत, पंचमहाभूतांना हाक मारून लढणारे जादूगार घरी परतलेत, आता गावं पुन्हा उभी करायची आहेत. पहिल्याच प्रसंगात एकीनं विचारलं, "माझ्या बाईला दिवा लावायचाय. किती फासे टाकू?" मी तक्त्यात बोट फिरवलं. तेजाची सगळ्यात छोटी नोंद होती अग्निबाण, दोन फासे डॅमेज. "आणि दिव्याला हिट पॉइंट्स किती?" दुसऱ्यानं विचारलं, म्हणजे किती मार बसला की दिवा मरणार, आणि पुढची पाच मिनिटं सगळे नुसते हसत होते. मीही हसलो. घरी येऊन मात्र झोप लागली नाही. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात "युद्धानंतर" लिहिलं होतं आणि पुढच्या चाळीस पानांत युद्ध चालूच होतं.

मंगळवार

दोष सगळा माझा नाही, अशी स्वतःची समजूत घालतोय. या छंदाचं मूळच रणांगणात आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्स नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम छापले. नकाशा, ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच. तो पंच म्हणजे आजच्या गेम मास्टरचा, खेळ चालवणाऱ्याचा, पणजोबाच. पुढे गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग खेळ आणला तोही लघुसैन्यांच्या, म्हणजे छोट्या सैनिक-पुतळ्यांच्या, खेळातूनच उगवला. त्यामुळे कोरा कागद घेऊन बसलं तरी हात आपोआप 'पल्ला', 'हल्ला', 'बचाव' असे रकाने आखायला लागतो.

बुधवार

आज गणित जमलं. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

दोन साधे फासे. अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० च्या खेळापासून एक पद्धत रुळली आहे: बेरीज सहा किंवा कमी आली तर फसलं, सात ते नऊ आली तर जमलं पण काहीतरी मोजावं लागेल, दहा किंवा जास्त आली तर उत्तम. मी तिचं वरचं टोक उलटवलं. सहापर्यंत तत्त्व जागंच होत नाही. सात ते नऊ म्हणजे मागितलं तेवढंच मिळालं. दहा किंवा जास्त म्हणजे उधाण. दिवा लावायला गेलात आणि छप्पर पेटलं. विहिरीला पाणी मागितलं आणि काठ ढासळला.

मोठं दान पडलं की टेबलावर सगळे ओरडतात, ही वर्षानुवर्षांची सवय. इथे मोठं दान पडलं की पोटात गोळा यायला हवा.

यात लढाईतला अनुभव बेरजेत मिळवायचा. त्याला नाव सुचत नव्हतं. 'कौशल्य' खोटं वाटत होतं, 'जखम' फार रडकं. मग सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आठवली आणि नाव ठरलं: पीळ. शून्य, एक किंवा दोन.

आता ३६ शक्यता मोजल्या. पीळ शून्य असेल तर १५ वेळा काहीच होत नाही, १५ वेळा नेमकं जमतं, ६ वेळा उधाण. पीळ एक: १०, १६, १०. पीळ दोन: ६, १५, १५. हे पाहून मी खुर्चीतून उठलोच. कधीच न लढलेला पोरगा आणि सगळं युद्ध अंगावर घेतलेला माणूस, दोघांचं नेमकं जमण्याचं प्रमाण सारखंच, ३६ मध्ये १५. फरक फक्त चुकीच्या बाजूचा. पोरगा चुकला तर काही घडत नाही, आणि हा चुकला तर नको इतकं घडतं. एवढं मी ठरवून केलं नव्हतं, फाशांनीच दिलं.

गुरुवार

काही लिहिलं नाही. कॅरेक्टर शीटचा, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाचा, फॉन्ट तीनदा बदलला. हेही एक पळून जाणंच.

शनिवार, मध्यरात्र

दुसरी प्लेटेस्ट. 'साथ' हा नवा नियम घेऊन गेलो होतो. कुणी शेजारी उभं राहिलं तर तिसरा फासा त्यानं टाकायचा, आणि तिघांतले कुठलेही दोन निवडायचे. तरीही उधाण आलंच तर त्याची खूण साथ देणाऱ्याच्या शीटवर. फुकटची मदत मला नको होती.

आकाशतत्त्वाचं काय करायचं यावर मी आठवडाभर अडलो होतो. आग, पाणी, वारा, माती यांचं सगळ्यांना लगेच सुचतं. पण आपल्याकडे आकाशाचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी. म्हणून माझ्या खेळात आकाशवाले युद्धात आवाज गिळायचे. अख्खी पलटण चालून गेली तरी पाऊल वाजायचं नाही. युद्ध संपलं आणि आता तेच आवाज परत देता येतात का, एवढंच त्यांच्याजवळ उरलंय.

आमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मित्रानं हेच पात्र घेतलं, पीळ दोन. एका रिकाम्या घरात शिरून तो म्हणाला, "इथे शेवटचं कोण काय बोललं तेवढं ऐकायचंय." फासे टाकले: सहा आणि पाच. साथीचा तिसरा फासाही सहाच. निवडायला काही उरलंच नाही. उधाण म्हणजे त्या घरानं गिळलेले सगळे आवाज एकदम, आणि ते सांगायचे मी.

मी सुरुवात केली. भांडं पडल्याचा आवाज. कडी. कुणीतरी कुणालातरी गप्प राहायला सांगतंय. इतक्यात एकानं टेबलावरच्या एक्स कार्डावर बोट ठेवलं. ते कार्ड आम्ही नेहमीच ठेवतो; कुणीही बोट ठेवलं की प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. मी विचारलं नाही. अंगणात गेलो, पाऊस लागला होता असं म्हणालो आणि खेळ पुढे सरकला.

परत येताना सारखं वाटत होतं की चूक कार्डाची वेळ येण्यात नव्हती, ते तर त्यासाठीच असतं. चूक ही की सगळा आवाज माझ्या हातात होता. नियम बदलला. आता उधाण आलं की फासे टाकणाऱ्यानं एकच आवाज सांगायचा. बाकीच्यांना वाटलं तर एकेक घालायचा, न वाटलं तर गप्प बसायचं. गेम मास्टरनं तोंड मिटून घ्यायचं. मला हे जड जाणार आहे.

रविवार

पृथ्वी. तैत्तिरीय उपनिषदातला क्रम घेतला: आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून आप, आपातून पृथ्वी. गुणही तसेच साचत जातात. आकाशाला फक्त शब्द, आणि पृथ्वीला शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध हे पाचही. मग उधाणाची खूण याच क्रमानं खाली उतरवली. आकाशात काही बिघडलं की पुढच्या सत्रात वाऱ्यात दिसतं, मग तेजात, मग पाण्यात. मातीपुढे कुणी नाही. तिथे साचतच राहतं.

हे अद्भुत वाटावं असं काही नाही. पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं, तरी उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममधल्या शेतांत नांगराला अजून तोफगोळे लागतात. शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात आणि बॉम्ब निकामी करणारी पथकं येऊन घेऊन जातात. नकाशाच्या पानावर मी असेच बांध आखलेत, गोळ्यांच्या जागी विझायचे राहून गेलेले मंत्र.

राहता राहिला पीळ. आधीच्या मसुद्यात एक चांगलं काम केलं की पीळ एकानं कमी व्हायचा. त्यावर दिव्यावालीच म्हणाली, "म्हणजे दोन दिवे लावले की युद्ध विसरायचं?" बरोबर होतं तिचं. नियम गेला. आता पीळ कधीच कमी होत नाही. त्याऐवजी 'हातवळण' नावाचा एक रकाना आहे. एकच बारीकसं काम निवडायचं आणि तेवढ्या कामापुरता पीळ मोजायचा नाही. बाकी सगळीकडे तो आहेच.

मला वाटलं ती 'दिवा' लिहील. तिनं लिहिलं, 'ओलं लाकूड वाळवणं'. आता हे तेजात धरायचं की वायूत, यावर आमचा फोनवर तासभर वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. ती म्हणते वायू. माझ्या तक्त्यात ते तेजाखाली बसतं, पण तक्त्यांवर विश्वास ठेवायचं मी सोमवारीच सोडलंय.