डेल्फीच्या भिंतीसाठी एक मुक्काम

रविवार, रात्र

जेवणानंतर नकाशा पसरून बसलो आणि ग्रीसच्या सहलीतला एक जुना वाद आज मिटला. डेल्फी, म्हणजे अपोलो या ग्रीक देवाचे प्राचीन तीर्थस्थान, अथेन्सपासून सुमारे १८० किलोमीटरवर, बसने साधारण तीन तासांच्या अंतरावर आहे. तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे, असे यांचे म्हणणे होते. मी तिथे एक रात्र राहण्याचा हट्ट धरला. पार्नासस पर्वताच्या उतारावरचे हे ठिकाण चढत चढतच पाहावे लागते, अपोलोच्या देवळावर नाट्यगृह आणि त्याच्याही वर क्रीडांगण आहे, आणि यांचे गुडघे घाईने चढण्याचे राहिलेले नाहीत, हे कारण मी उघडपणे सांगितले.

खरे कारण मात्र देवळाच्या चौथऱ्याला आधार देणारी भिंत आहे. वेड्यावाकड्या दगडांचे सांधे एकमेकांत अचूक बसवून इ.स.पू. सहाव्या शतकात ती रचली गेली आणि पुढे तिच्यावर गुलामांच्या मुक्ततेचे शेकडो लेख कोरले गेले. गुलामाला स्वतःच्या नावे करार करता येत नसल्यामुळे मालक त्याला अपोलोला विकत असे. किंमत बहुधा त्या गुलामाने स्वतःच जमवलेली असे, आणि व्यवहार देवाच्या नावे झाल्यामुळे पुढे कोणी त्याच्यावर हक्क सांगू नये, अशी ती तजवीज होती. कित्येक लेखांत आणखी एक अट आढळते: मालक जिवंत असेपर्यंत सुटलेल्या माणसाने त्याच्याजवळच राहून सेवा करावी. पैसे मोजून मिळवलेल्या स्वातंत्र्याला असे दावे बांधलेले पाहून मला पायथियाच्या, म्हणजे अपोलोची वाणी सांगणाऱ्या इथल्या पुजारणीच्या, गूढ भविष्यवाण्यांपेक्षा हे रोखठोक दस्तऐवज अधिक अस्वस्थ करतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवरची यवन (ग्रीक) दात्यांची नावे पाहताना मी अशीच रेंगाळले होते. पण ती दान देणाऱ्यांची नावे होती, ही सुटू पाहणाऱ्यांची आहेत.

संग्रहालय दुपारी उन्हाच्या वेळी पाहायचे ठरले. तिथला काशाचा सारथी यांना पाहायचा आहे. इ.स.पू. ३७३च्या भूकंपानंतर तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला, म्हणूनच वितळवला जाण्यापासून वाचला, आणि १८९६ साली फ्रेंच उत्खननात सापडला. त्या उत्खननासाठी अवशेषांवर वसलेले कास्त्री नावाचे आख्खे गाव हलवावे लागले होते. आमची खोली त्या हलवलेल्या गावातच असेल.

महिना ऑक्टोबर ठरला आहे. हिवाळ्यात अपोलो डेल्फी सोडून उत्तरेकडे जातो अशी ग्रीकांची समजूत होती, तेव्हा तो निघण्याआधी पोहोचू, असे हे हसून म्हणाले. मला काळजी आहे ती उजेडाची. झिजलेली बारीक अक्षरे तिरप्या उन्हातच उठून दिसतात, म्हणून दार उघडताच आत शिरायचे आणि आधी भिंत गाठायची. देऊळ नंतर.